सोजराबाईचं सरकार

सरकारी माणूस गल्लीत आला की सोजराबाई त्याला खुर्ची द्यायची, चहा पाजायची आणि वर सांगायची, "आम्हाला काय बी नको. माझं सरकार हैदराबादला हाय."

सरकार म्हणजे तिचा लेक बालाजी. तिकडे सेंट्रिंगच्या कामावर होता. आमच्या उमरीकडची निम्मी पोरं तिकडेच जातात.

तिच्या-माझ्या घराची भिंत एक. मागं कुणी नाही म्हणून निराधारचा सरकारी पगार मी घेते. तिने फॉर्म भरला नाही. "माझा लेक जिता हाय," म्हणायची. मला ते लागायचं, पण पाणी तिच्या बोअरचं प्यायचे, म्हणून गप्प बसायचे. बालाजीच्या पैशातून तिने बोअर पाडला, पाइप टाकून गल्लीतल्या अकरा घरांना पाणी दिलं. कुणाकडून एक पैसा घेतला नाही.

मग सरकारी नळयोजनेसाठी कुणाकडे नळ आहे हे लिहून घ्यायला पंचायतीचा माणूस आला. ही पुढे झाली. "लिवा साहेब, अकराच्या अकरा घरी नळ हाय." मी शेजारीच उभी होते. खोटं म्हणावं तर तोटी माझ्याही अंगणात होती.

नळासाठी सारं गाव खोदलं, आमची गल्ली सोडून. दोन वर्षांत बोअर आटला. बाया शेतातल्या विहिरीवर जाऊ लागल्या. दुसरा बोअर पाड, हे सांगायला मी बालाजीला फोन लावला.

"मावशी, माझं काम बंद हाय. पंचायतीत जाऊन भांडा की. पाणी देणं त्यांचं कामच हाय. आम्ही हितल्या हापिसापुढं तीन दिवस बसलो, तवा वस्तीत नळ आला."

"मग तुझी आई तुला सरकार म्हणते ते?"

"ती म्हणते. मी कधी म्हणालो?"

सोजराबाईला हे सांगितलं. ती म्हणाली, "तू सरकारचा पगार खाणारी. तुला तसंच ऐकू येणार."

अर्जावर दहा घरांच्या सह्या झाल्या. तिने अंगठा दिला नाही. "नळ न्हाई म्हणून लिवलं, तर माझ्या लेकानं काय केलं मग?" चौथी शिकलेली मी, अर्ज मीच लिहिला: आमच्या गल्लीत नळ नाही. खरं लिहिलं की खोटं, अजून कळत नाही.

ती पुन्हा माझ्याशी बोलली नाही. नळ दहा घरी आले. ती शेवटपर्यंत विहिरीवर गेली.

तिच्या मातीला बालाजी आला. आईला आंघोळ घालायला पाणी हवं होतं. "मावशी, तुमच्या नळाची एक बादली भरा," म्हणाला. तिने नको म्हटलं असतं. मी भरली.