धावजीकाकाचा कडू काढा

आमच्या तांड्यातल्या धावजीकाकाच्या अंगात तीन दुखणी नांदत होती, तीन सवतींसारखी. दम्यापायी चिलीम सुटली, साखरेपायी गूळ सुटला. गुडघा तेवढा कशानंच सुटेना. तरुणपणी बैलांमागं मुलुख तुडवलेल्या माणसाला आता उकिडवं बसता येईना.

बासष्ट सालच्या दिवाळीनंतर नेरच्या डॉक्टरनं सांगितलं, "आधी लघवीतली साखर उतरवा, बाबा. मग गुडघ्यात सुई देतो. आज दिली तर साखर भडकेल."

त्या सुईपायी काकानं तीन महिने तप केलं. आमच्यात गूळ खाल्ल्याशिवाय सोयरीक पक्की होत नाही. नातीच्या सोयरिकीत व्याह्यानं खडा पुढं केला, तर काकानं हात जोडले. व्याही रुसून उठला. चौघांनी धरून बसवला.

मी म्हणालो, "काका, सोयरीक पोरीची का तुमची अन् सुईची?"

"आठवी शिकला अन् वाया गेला तू," काका म्हणाला.

हंसाकाकूच्या हातचा मेथी-कडुलिंबाचा काढा मात्र तो दोन वेळा पेलाभर प्यायचा.

माघात मी त्याला नेरला नेलं. कंपाउंडरनं निळ्या औषधात लघवी उकळली. नळी विटेसारखी लाल!

"चोरून गोड खाता," डॉक्टर म्हणाला.

"माह्या व्याह्याले विचारा!" काका ओरडला, अन् त्याला धाप लागली. सुई काही मिळाली नाही.

घरी येताच त्यानं काकूला विचारलं, "काढ्यात काय टाकते तू?"

"मेथी, लिंब. अन् गूळ."

"गूळ?"

"थोडासाक. दवाईतला गूळ काही गूळ नसते, लखीरामचे बापू. कडू तुमच्या घशाखाली उतरलं असतं का?"

"मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं पेले असते?"

काका म्हणाला, "चारचौघांत म्या व्याह्याचा गूळ नाकारला. अन् तू मले घरात चारून राह्यली."

दुसऱ्या दिवशी तो चुलीशी सरकत गेला, गुडघा धरून. काढा स्वतः उकळला. काकू गुडघ्याला शेक द्यायला गरम वीट फडक्यात बांधून आली, तर त्यानं पाय बाजूला घेतला.

पहिल्या घोटालाच तोंड पार वाकडं झालं. डोळे पुसत त्यानं विचारलं, तेही मला, "असा लागते होय रे हा?"

काकू वीट घेऊन तशीच उभी होती. काकानं पेला संपवला.