कागदावरची बाई आणि मूल

काल नातीने चित्रासाठी काळ्या शाईची बाटली उघडली आणि त्या वासाबरोबर मला मुलुंडचे सर आठवले. त्र्याऐंशीच्या सुमारास मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते.

त्या दुपारी त्यांचा मुलगा तापाने फणफणला होता. पाहुण्यांसमोर नवऱ्याला हाक कशी मारायची, म्हणून वहिनींनी मला बाहेर धाडलं. तिथे सर आणि त्यांचा एक मित्र काळ्या शाईने कागदावर काढलेल्या एका चिनी अक्षरावरून भांडत होते.

"बाई आणि शेजारी मूल काढलं की झालं 'चांगलं'. उच्चार हाओ!" सर सांगत होते. "पण जुन्या ग्रंथांत तोच हाओ सूर खाली आपटून म्हटला की अर्थ 'आवडणं'."

"या ओळीत नाही आपटायचा!" मित्र ओरडला.

मी म्हटलं, "सर, बाळाला दवाखान्यात न्यायचंय."

"पाच मिनिटं थांब सुमन, एवढं ठरू दे."

पुन्हा हाओ-हाओ सुरू. शेवटी मीच मुलाला खांद्यावर टाकलं आणि वहिनींना घेऊन त्या दोघांच्या मधून बाहेर पडले. कुणी मान वर केली नाही.

तेव्हा वाटलं, मी चौथी शिकलेली, मोठ्यांचं काहीतरी मोठं असेल. कसलं मोठं! इंजेक्शन देऊन परतलो, तर सर खुशीत म्हणाले, "ठरलं एकदाचं! आमटी गरम कर."