न वाकणारा पाय

भुताखेताच्या गोष्टी सांगायच्या तर द्रौपदाबाईच्या माघारी सांगायच्या, असा पिंपळनेरकडच्या तिच्या सासरच्या गावात रिवाजच पडला होता. वेशीबाहेरच्या चिंचेवर हडळ राहते म्हणून बाया सरपणालासुद्धा तिकडे फिरकत नसत. नवी नवरी असताना द्रौपदाबाईने काय करावं, तर भर दुपारी त्या चिंचेखाली बसून भाकर खाल्ली, वर दोन चिंचा पाडल्या आणि शेजारच्या भागाबाईच्या दारात येऊन त्या चोखत उभी राहिली. "कोठे शे तुनी हडळ? दखाड माले!" आपण बुद्धाची माणसं, आपल्यात हे असलं काही नसतं, असं ती पोरांना दटावून सांगे.

पुढे ती नवऱ्याबरोबर धुळ्याला आली. देवचंद मार्केट यार्डात हमाल होता. एकदा कांद्याच्या गोण्यांची थप्पी ढासळली आणि त्याचा उजवा गुडघा चेचला गेला. हाड जुळलं, पण पाय वाकेना तो वाकेनाच. देवपुरातल्या दोन खोल्यांच्या घरात त्याने पुढच्या खोलीचा कोपरा धरला, तो मरेपर्यंत सोडला नाही. डोकं भिंतीला टेकलेलं आणि तो पाय समोर सरळ पसरलेला. आतल्या खोलीत जायची वाट नेमकी त्या पायावरून होती. माणसाला ओलांडायचं नाही, ही शिस्त तर द्रौपदाबाईनेच घराला लावलेली. मग सगळं घर वळसा घालून जाऊ लागलं. दारातून खिडकीकडे, तिथून टीव्हीला घासून आत. कुणी घाईत असलं की देवचंद कोपऱ्यातून म्हणे, "मना पाय शे आठे. देखीसन चाल."

कोरोनानंतरच्या उन्हाळ्यात तो गेला. द्रौपदाबाईला रडायला सवड झाली नाही. पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेल्या माणसांना चहा पुरतो की नाही, इकडेच तिचं लक्ष. चटई उचलली, जागा पुसून घेतली, पण घराची वाट काही सरळ झाली नाही. सगळे आपले खिडकीकडून वळसा घालूनच जात राहिले. भिंतीवर देवचंदच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता. मुलाने, संघपालने, त्यावर दोनदा रंग मारला. चैत्राचं ऊन तापलं की डाग पुन्हा वर.

आणि दुपारी घरात एकटी असली की द्रौपदाबाईच्या पाठीला कळायचं, कोपऱ्यात कुणीतरी आहे. तांदूळ निवडता निवडता तिचा हात थांबायचा. मागे वळून बघायची हिंमत व्हायची नाही. जन्मभर ज्या तोंडाने लोकांची भुतं पळवली, त्या तोंडाने आता हे कुणाला सांगायचं? भागाबाईला कळलं असतं तर ती हसून हसून आडवी झाली असती. पण खरी गोष्ट भीतीच्याही पलीकडची होती. तो तिथून जाऊ नये, असं तिला वाटत होतं. कोपरा रिकामा आहे तोवर देवचंद घरात आहे, असा तिच्या मनाने हिशेब बांधला होता, आणि तो हिशेब कोपऱ्याला हात लागेपर्यंतच टिकणारा होता.

हात लागायची वेळ आलीच. सून दीपमाला घरी शिकवण्या घेई. पुस्तकं, वह्या, नात पारमीची खेळणी, सगळं खाटेखाली कोंबलेलं. संघपालने जोडायची कपाटं मागवली. सुटे खोके असतात, एकाला एक हवे तसे लावायचे. ते घेऊन असलम नावाचा फिटर आला. पुठ्ठे फाडून त्याने फळ्या मांडल्या आणि विचारलं, "कुठं लावायचं?"

"कोपऱ्यात," संघपाल म्हणाला.

"तठे नको," द्रौपदाबाई म्हणाली. "भिंतले ओल शे."

असलमने भिंतीवर तळवा फिरवला. "कोरडी ठणठणीत आहे, अक्का. हा तेलाचा डाग आहे. कुणी बसायचं का इथं?"

मग द्रौपदाबाईच्या हट्टाखातर खोक्यांची वरात खोलीभर फिरली. दाराशी लावले तर दार अर्धंच उघडेना. खिडकीखाली लावले तर उजेड अडला. आतल्या खोलीत नेले तर गॅसपाशी उभं राहायला जागा उरेना. असलम घामाघूम झाला, पण बिचारा वयाचा मान राखून खोके सरकवत राहिला. शेवटी संघपाल वैतागला. "माय, कोपरा रिकामाच पडलाय ना? तिथं लावलं तर काय बिघडतं?"

"मंग तुना बाप कोठे बसी?"

बोलून गेली आणि तिचं तिलाच कसंसं झालं. दीपमालाने पदर उगाच सारखा केला. संघपाल जवळ आला, हळूच म्हणाला, "माय, आबा गेले."

"माले माहीत शे," ती म्हणाली, आणि आतल्या खोलीत निघून गेली. गेली तीसुद्धा वळसा घालूनच.

संध्याकाळपर्यंत कपाट लागलं. दोन्ही भिंतींना एकेक रांग. दोन रांगा जिथे मिळतात तिथे असलमने बोटाने ठोकून दाखवलं. "ही कोपऱ्यातली जागा आतून पोकळच राहते, अक्का. तिथं हात पोचत नाही. वाया जाते."

"ऱ्हाऊ दे," द्रौपदाबाई म्हणाली.

पण रात्रभर तिला डोळा लागला नाही. देवचंद डोकं टेकायचा ती जागा आता चारी बाजूंनी बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन चढलं आणि कपाटातून टक् असा आवाज आला. थोड्या वेळाने परत. फळी नवी आहे, उन्हाने तडतडते, हे तिला कळत होतं. कळून उपयोग काय? जिवंतपणी तो या कोपऱ्यात कोंडलेला होताच, आता मेल्यावर आपण त्याला कोंडलं, असंच तिच्या मनात येत राहिलं.

दोन-चार दिवसांत संघपाल आणि दीपमाला सरळ जायला लागले. कपाट आलं, कोपरा बदलला, पाय आपोआप सरळ पडू लागले. देवचंदचा पाय असायचा ती फरशी मात्र अजून मोकळीच होती. संघपालची चप्पल तिच्यावरून गेली की द्रौपदाबाई आपलेच पाय जवळ ओढून घेई.

एका दुपारी घरात ती आणि पारमी दोघीच होत्या, द्रौपदाबाई आतल्या खोलीच्या दाराशी बसलेली. पारमीने कपाटातून चित्रांचं पुस्तक काढलं आणि आत निघाली. निघाली ती खिडकीकडे, तिथून टीव्हीला घासून. द्रौपदाबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. आजोबा गेल्यानंतर जन्मलेली ही पोर. तिने तो पाय कधी पाहिलाच नव्हता.

"अशी फिरीसन कसाले जास वं?" तिने विचारलं. "तठे कोन शे?"

पारमीला प्रश्नच कळला नाही. "तू जातेस ना अशी," आत शिरता शिरता ती म्हणाली. "मी पण जाते."

चिंचेखाली भाकर खाणारी बाई ती, आणि तिनेच नातीच्या पायात भूत बांधलं होतं. उद्या ही पोर मोठी होईल, कशाला घाबरते ते तिलाही ठाऊक नसेल, आणि वळसा घालत राहील.

द्रौपदाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली. वाकून त्या फरशीला हात लावला, तो कपाळाला लावला. कुणाला चुकून पाय लागला की करतात तसा. मग तिने पाऊल उचललं आणि सरळ पलीकडे, बाहेरच्या दाराच्या बाजूला टाकलं.

पलीकडे जाऊन ती थांबली. कान कोपऱ्याकडे लावले. आता म्हणेल, मना पाय शे आठे. एकदा तरी म्हणेल.

बाहेर भंगारवाल्याची हाक आली आणि गेली. कपाटाची फळीसुद्धा वाजली नाही.

मग द्रौपदाबाई तिथेच मटकन खाली बसली आणि रडायला लागली, चार वर्षांपूर्वी रडायचं राहून गेलं होतं ते सगळं. पारमी पुस्तक टाकून आतून धावली. आजीपर्यंत ती त्या फरशीवरून सरळ आली.