लोटनचं बोट

नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मी तेव्हा सिल्वासात मलेरियाच्या खात्यात होतो. भाद्रपदातली उतरती दुपार, सामरवरणीतली कामगारांची चाळ… आणि चाळीचा मुकादम माझ्या सायकलचं हँडल धरून उभा.

आमचं काम साधं. घरोघरी जायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं, बोट टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि दाराशेजारी गेरूने तारीख टाकायची. जेवत नसलेल्या पोरांना बायका माझं नाव सांगून घाबरवायच्या, एवढा माझा लौकिक!

पण त्या चाळीत जाताना माझ्या पेटीत काचांच्या खाली गोळ्यांची एक पुडी असायची. ती भटूची. भटू धुळ्याकडचा, खडोलीला धाग्याच्या कंपनीत कामाला… त्याला एचआयव्ही होता आणि वर टीबी झाला होता.

एचआयव्हीवर तेव्हा आमच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं. टीबीवर होतं. पण भटू दवाखान्यात येईनासा झाला, कारण तिथल्या बाकावर कंपनीतलं कुणी ना कुणी बसलेलं असायचंच. अथालला अशाच एका कामगाराचं सामान लोकांनी रस्त्यावर फेकलेलं त्याने पाहिलं होतं.

शेवटी डॉक्टरांनीच त्याला विचारलं, की मलेरियावाला खोलीवर गोळ्या घेऊन आला तर चालेल का? तो हो म्हणाला. मलेरियावाल्यावर कोण कशाला संशय घेईल… आणि गोळ्या मध्येच सुटल्या तर हा माणूस हातचा जाईल, हे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं.

पुष्कळ दिवस सुरळीत चाललं. पण मुकादमाची नजर घारीची. मी या खोलीवर दर आठवड्याला जातो, भटू अंगावर चादर घेऊन कुडकुडत असतो आणि तरी त्याचं बोट मी कधीच टोचत नाही… हे त्याने बरोबर हेरलं.

"सबका खून लेते हो, इसका क्यों नहीं लेते?" हँडल न सोडता त्याने विचारलं.

याचं खरं उत्तर देता येण्यासारखं नव्हतं. तेव्हा माझ्याकडे सुई एकच असायची, ती स्पिरिटने पुसून पुढच्याला लावायची. भटूला टोचलेली सुई दुसऱ्याला लावायची माझी छाती नव्हती. आणि त्याच्यानंतर ती फेकून दिली असती, तर शेंबड्या पोरालाही काय ते कळलं असतं.

माणसं जमली. मुकादम म्हणाला, आत्ताच्या आत्ता माझ्यासमोर घे. भटू दारात उभा होता, त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या त्याच्या पिशवीकडे गेलं… आणि मी समजलो. हा आज धुळ्याची गाडी पकडणार, आणि पुन्हा आमच्या हाती लागणार नाही.

काहीतरी थाप सुचेपर्यंत वेळ काढायला मी पेटीतल्या काचा पुसायला लागलो.

तेवढ्यात कामावरून लोटन आला. लोटन म्हणजे भटूचा रूम पार्टनर. एकाची रात्रपाळी, एकाची दिवसपाळी… खोली एक आणि गोधडीही एकच, एक उठला की दुसरा निजायचा. त्याला यातलं काही माहीत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. आता हाच सगळ्यांत मोठ्याने ओरडणार, याची मला खात्री वाटली.

लोटनने डबा खाली ठेवला, मुकादमाच्या आणि भटूच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"ताप माले येस," तो म्हणाला. "मी ड्युटीवर ऱ्हास म्हणीसन भटू मन्या गोळ्या ली ठेवस." म्हणजे गोळ्या त्याच्याच, भटू नुसत्या घेऊन ठेवतो! आणि त्याने माझ्यापुढे बोट धरलं. "टोचा, साहेब."

मी टोचलं. काचेवर रक्त दिसल्यावर मुकादमाचा जोरच गेला… मलेरियाला चाळीत कोण भितो, तो त्यालाही होऊन गेला होता. पुटपुटत तो निघून गेला आणि गर्दीही पांगली.

मग दाराजवळच्या नळापाशी हात धुताना लोटन हळूच बोलला. "गोधडी एकच शे आमनी. रोज संध्याकाळले ओली ऱ्हास. माले काय समजत नही का?"

भटूच्या घामाने भिजलेली ती गोधडी तो रोज कुंपणावर वाळत घालायचा आणि मग तिच्यावरच झोपायचा. कधी एका शब्दाने विचारलं नाही, दुसरी गोधडीही आणली नाही. हे ऐकून भटू उंबऱ्यातच बसला आणि रडायला लागला.

त्यानंतर गोळ्यांची काळजी लोटननेच घेतली. पुढे भटू पुन्हा दवाखान्यात यायला लागला, सोबतीला लोटन. पेशंट कोण ते कळू नये म्हणून लायनीत लोटन त्याच्यापेक्षा जोरात खोकायचा! टीबीचा कोर्स पुरा झाला आणि त्यानंतरही भटूने तपासणीला येणं सोडलं नाही.

मी चाळीत गेलो की लोटन सगळ्यांच्या आधी बोट पुढे करायचा. इतक्या धडधाकट माणसाचं इतकं रक्त मी नोकरीत दुसऱ्या कुणाचं घेतलं नाही… दर वेळी लॅबमधून रिपोर्ट निगेटिव्ह यायचा आणि दर वेळी मी मनातल्या मनात त्याला नमस्कार करायचो.