ऑर्फाचं एकच चित्र

अमोस क्विम्बीच्या चित्रांत बावीस वर्षं एकच बाई होती. कधी ती सिनेमाच्या थिएटरात हातात टॉर्च धरून भिंतीला टेकलेली, कधी स्वस्त हॉटेलात पलंगाच्या कडेला बसलेली, कधी ऑफिसात फायलींवर वाकलेली. खांदे, गुडघे, मानेचा बाक, सगळं त्याच्या बायकोचं, ऑर्फाचं. चेहरा तेवढा दुसऱ्याच कुणाचा तरी.

ऑर्फाची डावी पापणी लहानपणच्या गोवरापासून जराशी खाली आलेली होती. ती पापणी अमोसने कधी रंगवली नाही. तो म्हणायचा, "चित्रातली बाई कुणीही असली पाहिजे. तुझा चेहरा काढला की ती तू होतेस." आता यावर बायकोने काय बोलावं? बावीस वर्षं ‘कुणीही’ होऊन खिडकीकडे तोंड करून बसणं हे खायचं काम नाही. थंडीत पाय बधिर व्हायचे, आणि बसल्या जागेवरून बोलायचं नाही असा दंडक. क्विम्बी मंडळी मुळातच उत्तरेकडच्या मेन राज्यातल्या किनाऱ्यावरची, अबोल. दोघांचं मिळून आठवड्यात जेवढं बोलणं व्हायचं तेवढं खालच्या मजल्यावरचं इटालियन कुटुंब एका नाश्त्याला संपवायचं.

फक्त एकदा वेगळं झालं. एकोणीसशे छत्तीस सालच्या हिवाळ्यात, मंदीच्या दिवसांत. सरकार तेव्हा बेकार चित्रकारांना पगार द्यायचं आणि दर सहा आठवड्यांनी एक चित्र घ्यायचं. चित्रकार खरंच काम करतो की लोळत पडतो हे बघायला फिनेगन नावाचा तपासनीस सकाळी कधीही टपकायचा. त्या हिवाळ्यात ऑर्फा नेहमीसारखी खुर्चीवर बसली, आणि अमोस म्हणाला, "आज चेहरा हलवू नकोस."

अकरा दिवस तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. चित्र बघायला मिळालं नाही, पुरं होईपर्यंत ते भिंतीकडे तोंड करूनच असायचं. बाराव्या दिवशी ती दुकानातून परत आली तर चित्र नाही. रंग वाळायच्या आत कधीही चित्र न सोडणाऱ्या अमोसने ते ओलंच फिनेगनच्या हातात दिलं होतं.

"मला दाखवलंही नाहीस?"

"दाखवण्यासारखं नव्हतं," तो म्हणाला, आणि ब्रश धुवायला लागला.

त्यावर पुन्हा कधी बोलणं निघालं नाही. बेचाळीसच्या शरद ऋतूत अमोस जिन्यातच हृदय बंद पडून गेला. मागे राहिल्या त्या दोन खोल्या, स्वयंपाकघरातल्या आंघोळीच्या टबावर फळी टाकून केलेलं टेबल आणि भिंतीला लावलेल्या नऊ परक्या बायका. ऑर्फा दिवसभर एका मोठ्या दुकानात बायकांच्या कंबरा आवळणारे कॉर्सेट विकायची, संध्याकाळी येऊन त्या नऊ जणींसमोर डब्यातलं सूप प्यायची. दु:खाचं तसं काही नाही, दु:ख सोसता येतं. तिला खात होता एकच प्रश्न. आपण या माणसाला एकदा तरी दिसलो होतो का? उत्तर त्या एका चित्रात होतं, आणि ते मिळालं नाही तर आपण बावीस वर्षं खोलीतल्या सामानासारखे होतो असं समजून मरायचं, हे तिच्या मनाने घेतलं.

वर्षभर ती दारं ठोठावत फिरली. चित्रकारांना पगार देणारी ती सरकारी योजना युद्धामुळे गुंडाळली गेली होती. एका कचेरीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने तिसरीकडे, तिसरीच्या दाराला कुलूप. शेवटी चव्वेचाळीसच्या फेब्रुवारीत, डोनटच्या दुकानात, जहाजाच्या गोदीतल्या कामगाराचा बिल्ला लावलेला फिनेगनच तिला समोर दिसला.

"अहो मिसेस क्विम्बी! तुमच्या हातचा ॲपल पाय अजून आठवतो मला. त्यासाठीच तर मी तुमच्याकडे जास्त वेळा तपासणीला यायचो!"

"फिनेगन, छत्तीसच्या जानेवारीत ओलं चित्र नेलंत तुम्ही. ते कुठंय?"

"ते? माझा कोट बरबाद केला त्याने! बाही हिरवीगार." तो हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. "बसा जरा. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला? चित्रं विकली हो सरकारने. भंगारात. गठ्ठेच्या गठ्ठे, वजनावर. नदीपलीकडे क्वीन्समधल्या एका प्लंबरने घेतली."

"प्लंबरला चित्रं कशाला?"

"चित्रं नकोत त्याला. कापड हवंय. गरम पाण्याच्या नळांना गुंडाळायला."

ऑर्फाने प्लंबरचा पत्ता विचारून घेतला, कॉफी तशीच ठेवली आणि उठली. तो शनिवार होता, दुपारी दोनचा सुमार. क्वीन्सच्या गाडीत ती हातमोजे काढत होती, घालत होती. आपला चेहरा कुठल्या तरी तळघरात वाफेच्या नळाला दोरीने बांधलेला आहे, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. देवाला तिने कधी फार त्रास दिला नव्हता, त्या दिवशी मात्र वाटभर दिला.

प्लंबरचं नाव बोस्को. लठ्ठ, घामट, आणि आधीच वैतागलेला.

"तुम्हीही तक्रार घेऊन आलात का बाई? सांगून ठेवतो, पैसे परत मिळणार नाहीत. मला काय माहीत रंग तापला की असा घाण वास सुटतो! एका लॉण्ड्रीवाल्याने मला फोनवर आईवरून शिव्या दिल्या. आईवरून! माझी आई चर्चमध्ये मेणबत्त्या लावते!"

"मला एक चित्र बघायचंय. माझ्या नवऱ्याने काढलेलं."

बोस्कोने टोपी मागे सरकवली. "मागे शेड आहे. उरलंय ते तिथेच. अर्धं तर मी कापून वापरलंय बाई, उगाच आशा धरू नका."

शेडमध्ये चौकटीतून काढलेली चित्रं सतरंज्यांसारखी एकावर एक रचलेली होती. ऑर्फा कोटासकट गुडघ्यांवर बसली आणि एकेक उलटायला लागली. रिकामा पेट्रोल पंप. रविवारची बंद दुकानं. काउंटरवर पाठमोरा एकटा माणूस. खिडकीत बाई, दारात बाई, पलंगावर बाई. सगळ्या शहरात कुणी कुणाशी बोलतच नव्हतं की काय, असं तिला वाटलं. मध्येच आपले गुडघे दिसले, वर लाल केसांची कुणीतरी. मग आपली मान, वर विशीतली कारकून पोरगी. काही कापडांचा अर्धा भाग नव्हताच, कात्रीने सरळ नेलेला. बोटं गारठून वळेनात, तरी ती थांबली नाही. तासाभराने बोस्को कॉफीचा टिनचा मग घेऊन आला आणि निमूटपणे स्वतःही दुसऱ्या ढिगाला लागला.

"ही तुम्हीच ना?" तो एकदम म्हणाला. "डोळ्यावरून ओळखलं."

तीच होती. पापणीसकट. चाळिशीची, थकलेली, ओठ मिटलेले, आणि ज्याने रंगवली त्याने एकेक सुरकुती इतक्या जिवापाड बघितलेली की ऑर्फाला स्वतःचा चेहरा पहिल्यांदाच बरा वाटला. अमोसला ती दिसली होती. बावीस वर्षांची भूक एका क्षणात भागली, आणि पुढच्याच क्षणी तिचं लक्ष चेहऱ्याच्या खाली गेलं.

चित्रातल्या बाईच्या अंगावर कोट होता. डोक्यावर हिरवी हॅट. खुर्चीशेजारी तपकिरी बॅग.

ऑर्फा बसली होती घरच्या झग्यात. हॅट नाही, कोट नाही. बॅग तर तिथे असायचं कारणच नव्हतं. ती बॅग टबाखाली, पिंपामागे दडवलेली होती आणि तिच्याबद्दल जगात दोनच माणसांना माहीत होतं: ऑर्फाला स्वतःला, आणि मेनमधल्या बहिणीला. ‘ये निघून, असल्या घुम्या माणसाजवळ मरशील तू’ असं बहिणीने लिहिलं होतं, आणि ऑर्फाने त्या जानेवारीत कपडे भरले होते. जायचा गुरुवारही ठरला होता. ती अकरा दिवस हाच हिशेब डोक्यात घेऊन त्याच्यासमोर बसली होती.

तिने कापड उलटलं. मागे अमोसच्या बारीक अक्षरात: ‘ऑर्फा, जाण्यापूर्वी.’

"काय हो बाई, बरं वाटत नाही का?" बोस्को म्हणाला.

तिला सकाळची कॉफी आठवली. त्या आठवड्यापासून अमोस रोज पहाटे बाहेरच्या खोलीतून उठून तिच्या उशाशी कॉफी आणून ठेवायला लागला होता. वयाने मऊ पडला, असं समजून तिने ती कॉफी सहा वर्षं प्यायली. तो कॉफी द्यायला येतच नव्हता. पलंग रिकामा आहे की भरलेला, हे बघायला येत होता. रोज. सहा वर्षं. विचारायची हिंमत त्याला झाली नाही. आणि ती? गुरुवार गेला, पुढचा गेला, बॅग तिने निमूट रिकामी केली, आणि ‘मी राहिले’ हे त्याला सांगायचं असतं हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तिला वाटत होतं, त्या घरात एकटं कुणी असेल तर आपणच.

तिला रडू फुटलं ते असं, की बोस्कोने दारातल्या कामगारांना हाताने लांब जायला खुणावलं.

"घेऊन जा बाई," तो म्हणाला. "असंच घेऊन जा. मला नको ते."

ऑर्फाने त्याची बाही दोन्ही हातांनी घट्ट धरली. "मी गेले नाही," ती म्हणाली. "ऐकलंत ना? मी गेले नाही. कुठेच गेले नाही."

बोस्कोला काहीच कळलं नाही. पण माणूस चांगला होता.

"नाही गेलात," तो म्हणाला. "बरं केलंत."