अमावास्येच्या कुर्ल्या

कुर्लीविषयी आमच्या भावोजींना जेवढं कळतं, तेवढं खुद्द कुर्लीलाही कळत नसेल. भावोजी म्हणजे नात्याचे नव्हेत. ते ह्यांच्या गावचे, एकाच वाडीतले, म्हणून मी भावोजी म्हणते आणि ते मला वहिनी म्हणतात. तीस वर्षं ते खोर फक्कानच्या बंदरात जहाजावर कंटेनर बांधायच्या कामावर होते. तिथे ते किती कंटेनर बांधत होते ते मला ठाऊक नाही, पण दुबईत देऱ्याला आमच्या खोलीवर आले की बोलणं फक्त कुर्ल्यांचं, म्हणजे तुमच्या खेकड्यांचं. कुठली नर, कुठली मादी, कुठलीची नांगी गोड, कुठलीची नुसती दिखाऊ. माझ्यासारख्या न बोलणाऱ्या बाईला असा माणूस बरा पडतो. आपण नुसतं हूं म्हणायचं आणि भाकऱ्या थापायच्या.

त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी तीस वर्षांत एकदाही मोडला नाही. कुर्ली खायची ती अमावास्येलाच. काळोखात कुर्ली पोटभर चरते, म्हणून भरते. चांदण्यात घाबरून बिळात बसते, म्हणून पोकळ होते. हे आमच्या कोकणात सगळेच म्हणतात, पण त्यासाठी नोकरीतली रजा कोणी घेत नाही. भावोजी घ्यायचे. दर महिन्याची एक सुट्टी ते कॅलेंडरात अमावास्या बघून मागायचे. त्यांचा केरळी सुपरवायझर त्यांना फार मानायचा. त्याला वाटायचं, हा माणूस दर अमावास्येला काहीतरी कडक व्रत करतो. एकदा त्याने ह्यांना फोन करून विचारलं, "पूजा ठीक हो गया?" तेव्हा भावोजी आमच्या खोलीत नांगी चोखत होते.

आमचे हे थंड गाडीतून हॉटेलांना मासळी पोचवतात. तसं ते एका छोट्या हॉटेलात जायला लागले. सहा टेबलं, पाटीवर 'केजन' असं काहीतरी, आणि मालक हाच आचारी. अमेरिकेच्या खालच्या टोकाला दलदलीचा मुलूख आहे म्हणे, तिथला हा काळा, उंच, पोट सुटलेला माणूस. त्याचा बाप कुर्ल्याच पकडायचा. तिथे कुर्ली, सुंगटं म्हणजे कोळंबी, बटाटे, मक्याची कणसं, सगळं एकाच टोपात लाल मसाल्यात उकडतात आणि टेबलावर कागद पसरून त्यावर ओततात. ताट नाही, वाटी नाही. "चला भावोजी, तुमच्यासारखंच खाणं आहे," असं म्हणून एका अमावास्येला हे आम्हा दोघांना घेऊन गेले.

मी अशा ठिकाणी पहिल्यांदाच गेले होते. मी भिंतीकडे तोंड करून बसले. भावोजी मात्र मध्यभागी. वाढणाऱ्या फिलिपिनी मुलीने गळ्यात बांधायला प्लास्टिकचं फडकं आणि हातमोजे आणले. "मी काय बाळ आसंय?" म्हणून भावोजींनी फडकं परत केलं आणि हातमोजे खिशात घातले, बंदरात कामाला येतील म्हणून. मग भेंडी घातलेली आमटी आली, तिचा त्यांनी वास घेतला, माझ्याकडे बघून "भेंडी सुंगटात?" म्हणाले, आणि दोन वाट्या प्यायले. कुर्ली आली तशी त्यांनी ती कानाशी धरून टिचकी मारली आणि मुलीला विचारलं, "ये कब पकडा?" ती बिचारी आत जाऊन खोकं घेऊन आली. खोक्यावर तारीख होती. भावोजींनी खिशातून घडी घातलेलं कॅलेंडर काढलं, बोट फिरवलं, आणि सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पौर्णिमेनंतर दोन दिवस! तरीच!"

मला वाटलं, आता आपल्याला हाकलणार. आचारी कमरेच्या फडक्याला हात पुसत बाहेर आला. "व्हॉट प्रॉब्लेम, कॅप्टन?"

"प्रॉब्लेम मून," भावोजी म्हणाले. "नो मून, फुल क्रॅब. फुल मून, खलास."

आचाऱ्याने खुर्ची ओढली आणि बसलाच. "नो, नो, कॅप्टन. माय डॅडी... फुल मून, फुल क्रॅब."

"युवर डॅडी राँग."

त्या दिवशी दीड तास भांडण चाललं. भावोजी निघताना इतके खूश होते की बस चुकली तरी बोलले नाहीत. पुढे दर अमावास्येला ते आमच्याकडे पिशवी टाकायचे आणि तिकडे जायचे. आचारी त्यांना लांबून बघूनच ओरडायचा, "कॅप्टन! स्टिल राँग?"

अशी दोन वर्षं गेली. मग भावोजींना साठ पूर्ण झाली आणि कंपनीने घरी जायचं कळवलं. आचारी म्हणाला, जायच्या आधी निकाल लावू. अमावास्येला ताज्या कुर्ल्या आणू, पौर्णिमेला पुन्हा आणू, दोन्ही फोडून बघू. अमावास्येच्या आठही भरलेल्या निघाल्या. भावोजी हॉटेलात उभे राहून सगळ्यांना दाखवत होते. आचारी म्हणाला, "वेट फॉर फुल मून." पण कंपनीने दिलेलं तिकीट पौर्णिमेच्या आदल्या दिवसाचं. भावोजींनी ऑफिसात जाऊन दोन दिवस मागितले. कारण विचारल्यावर खरं सांगितलं. अख्खं ऑफिस हसलं.

विमानतळावर ते मला म्हणाले, "वहिनी, तीस वर्षां माझो शब्द सगळ्या कॅम्पान मानलो. तो आता तुमच्या हातात. ह्यो काय, कायव सांगात. तुमका खोटा बोलाक येणा नाय." ह्यो म्हणजे आमचे हे. हे बाजूलाच उभे होते.

पौर्णिमेला दुपारी आम्ही गेलो. मी एकेक कुर्ली फोडली. पहिली भरलेली. दुसरी भरलेली. आठातल्या सात गच्च भरलेल्या, एकच पोकळ. ह्यांनी व्हिडिओ लावला. भावोजी गावच्या पडवीत बसले होते, नवा शर्ट घालून.

मी काही बोलायच्या आत आचाऱ्याने ती एकुलती पोकळ कुर्ली उचलून फोनसमोर धरली. "एम्प्टी, कॅप्टन! ऑल एम्प्टी. यू विन."

मला वाटलं भावोजी उड्या मारतील. पण त्यांचं तोंड उतरलं. मग हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, खरा सांगा."

माझ्या हाताला मसाला लागला होता. मी त्याच हाताने फोन घेतला. "भरलेल्या आहेत भावोजी. आठातल्या सात."

"बघलास!" ते एवढ्याने ओरडले की बाजूच्या टेबलावरची माणसं वळली. "खोटा बोलता तो! हयसर गावात माका सगळे होय होय म्हणतत. काय बोललंय तर होय भाऊ, बरोबर भाऊ. आता तो आचारी पण होय म्हणूक लागलो? त्याका सांगा, बाजारवाल्यान फसवल्यान तुका. अमावास्येची जुनी कुर्ली ती!"

हे हात धुवायला गेले होते. आचारी माझ्याकडे बघत होता. दोन वर्षांत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. माझं इंग्रजी ते किती. मी म्हटलं, "ही सेज, नो विन. ही सेज, फाइट."

 आचाऱ्याने माझ्या हातातून फोन घेतला, तोंडाजवळ धरला आणि बापाचं नाव घेऊन जोरजोरात इंग्रजीत सुरू झाला. तिकडून भावोजी मालवणीत सुरू झाले. एकाचं दुसऱ्याला काही कळत नव्हतं. कागदावरच्या कुर्ल्या निवून गेल्या, पण फोन दोघांपैकी कोणीच ठेवेना.