पालथा ठेवलेला पडदा

नांदुऱ्याच्या स्टेशन रोडवरचं राजकुमारचं फ्लेक्सचं दुकान चार महिने बंद होतं. आज त्यानं शटर वर केलं ते दुकान मोडायलाच. लेक प्रेरणा त्याला पुण्याला न्यायला येणार होती. बाकी सामानाचं गिऱ्हाईक ठरलं होतं. मोठा मॉनिटर तेवढा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा शाकिर घेणार होता.

मॉनिटर टेबलावर पालथा पडला होता. राजकुमारनं तो उभा केला, लॅपटॉपची वायर लावली. काचेवर 'नो सिग्नल' आलं आणि काच काळी झाली.

"राजूभाऊ, बंद माल मी नाई घेत. मंग तो तुमचा का असेना," मॉनिटर न्यायला आलेला शाकिर म्हणाला.

राजकुमारला बरं वाटलं. कुणाला सांगता येणार नाही, असं बरं. बिघडलेला असेल तर तो जाणार नव्हता.

तो पडदा वंदनाचा होता. राजकुमार लॅपटॉपवर फलक करायचा आणि बायको शेजारच्या स्टुलावर बसून मोठ्या पडद्यावर पाहायची. माणूस गेलेल्या घरची बाई फोटो घेऊन आली, की वंदना म्हणायची, "हासरा नाई काय वं एखांदा? बुढा जिता होता तवाही रागात, आता तरी हासू दे त्याले." रडता रडता बाई हसायची. गावातली कितीतरी मेलेली माणसं वंदनामुळे चौकात हसत उभी राहिली. तिचा स्वतःचा फलक मात्र राजकुमारनं केला नव्हता. लोक विचारायचे. तो म्हणायचा, करतो.

शाकिरनं वायर बदलली. काळंच. बटण दाबून मॉनिटरच्या सगळ्या सेटिंग पाहिल्या. काळंच. आपल्या दुकानातून आणलेला लहानसा मॉनिटर लॅपटॉपला लावला, तो लगेच उजळला.

"लॅपटॉप चांगला हाय. खोट याच्यातच हाय."

"असू दे मंग. जाऊ दे."

"काऊन जाऊ दे? वायर पुरती बसूनच नाई राह्यली, पाहा." शाकिरनं मॉनिटर फिरवला. पाठीवर वाळलेलं हळदकुंकू होतं. त्यानं मोबाइलची बॅटरी लावून वायरीच्या खाचेत डोकावलं. "भाऊ, अंदर तांदूळ हाय."

राजकुमार स्टुलावर बसला.

खंडेनवमीला वंदना सगळ्या वायरी काढून दुकानाची पूजा करायची. कुंकवाचे डाग काचेवरून जात नाहीत म्हणून तो आदल्या वर्षी तिच्यावर ओरडला होता. म्हणून या खेपेला तिनं काच खाली घालून मॉनिटर पालथा ठेवला, पाठीला कुंकू लावलं, वरून अक्षता टाकल्या. पुजलेलं हत्यार दसऱ्याला चालवलंच पाहिजे, नाहीतर रुसतं, असं ती म्हणायची. त्या दिवशी एक तरी फलक करायला लावायची. दसऱ्याच्या पहाटे ती चुलीपाशी कोसळली. अकोल्याच्या दवाखान्यात अकरा दिवस. मग दुकान कुणी उघडलंच नाही.

शाकिरनं पिशवीतून बारीक चिमटा बाहेर काढला.

"थांब," राजकुमार म्हणाला. "मी काढतो."

दोनदा चिमटा निसटला. तिसऱ्यांदा दाणा निघाला. अर्धाच होता, टोकाला लाल. तळहातावर घेऊन त्यानं तो बराच वेळ पाहिला, मग खिशातल्या रुमालात बांधला. वायर लावली. मोठा पडदा उजळला.

शाकिरला तोंडभर हसू आलं आणि लगेच विरलं. "राजूभाऊ, ठेवा वाटलं तं. मले काई घाई नाई."

"नाई. ने तू. चालू हाय तं चालूच राहू दे." राजकुमारनं लॅपटॉप जवळ ओढला. "फक्त थोडं थांब. दसऱ्याचं काम राह्यलं हाय."

त्यानं नवा फलक उघडला. फोटो शोधायला वेळ लागला नाही. हसरा तिचा एकच होता. दुसऱ्यांचे काढायला लावणारी स्वतः कॅमेऱ्यासमोर तोंड फिरवायची. खाली त्यानं नाव लिहिलं. वंदना. नावाआधी एक अक्षर लिहायचं होतं, 'कै.' हजारदा लिहिलेलं. बोट थांबलं. शाकिर भिंतीकडे पाहत राहिला. रस्त्यावरून बस गेली, शटर थरथरलं. मग राजकुमारनं ते लिहिलं.

"ने आता."

शाकिरनं वायर हळूच उपसली. मोठी काच काळी झाली. फलक तिथून सुटून लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर आला, नावासकट. शाकिर मॉनिटर छातीशी धरून पायऱ्या उतरला, तरी राजकुमार त्या लहानशा चेहऱ्यासमोरून हलला नाही.